काच खाणारं पाणी

पहार फळीखाली सरकवा आणि अंगाचा भार टाका. खिळे करकरत वर येतात, फळी उचकटते आणि कुजक्या पेंढ्याचा वास थेट नाकात शिरतो. साल १८७९, आषाढ. तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि ठाण्यातल्या टेंभी नाक्याजवळच्या एका नव्या माडीवर तावदानं बसवणाऱ्या मेस्त्रींच्या हाताखाली राबता आहात. नाका म्हणायला नाका. खरं तर चिखलातल्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या आणि खाडीकडून येणारा खारा वारा. पेटी विलायतेची आहे. सुएझचा कालवा खुला होऊन दहा वर्षं झाली, बोटींना आफ्रिकेचा वळसा उरला नाही. तरी काही आठवडे ती बोटीच्या तळात होती, मग धक्क्यावर, मग बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडीत आणि शेवटी पावसात बैलगाडीवर.

“पेंढा आधी काढ रे पोरा,” मेस्त्री शिडीवरून ओरडतात. “ओला पेंढा काचेला मारतो.”

वरची तावदानं ठणठणीत निघतात. एक उजेडात धरा. कडेने बघितलं तर हिरवट झाक, मध्ये दोन-तीन बुडबुडे, आणि समोरचं चिंचेचं झाड त्यातून वाकडं दिसतं. फुंकून लांबट नळा करायचा, तो उभा चिरायचा आणि भट्टीत सपाट करायचा, अशी ही काच बनते. म्हणून तिच्यात लाटा राहतात. जुनी काच शंभर वर्षांत हळूहळू खाली ओघळते, म्हणून खालच्या बाजूला जाड असते, ही थाप तुम्हाला पुढे कुणीतरी शपथेवर सांगेल. ऐकून घ्या आणि सोडून द्या. जाडीतला फरक भट्टीतूनच येतो.

पेटीच्या तळाशी मात्र दोन तावदानं एकमेकांना चिकटली आहेत. मध्ये पाणी अडकलंय. नख घालून सोडवता सोडवता ते पाणी बोटांवर येतं, आणि चिमटीत घोळवलं की बुळबुळीत, साबणी लागतं. काच सुटते. तिच्या अंगावर नकाशासारखा पांढुरका डाग उमटला आहे. ओल्या फडक्याने पुसला की जातो, वाळला की परत दिसतो.

ते साबणी पाणी कुठून आलं, हे बघायला आणखी एक प्रवास करावा लागेल. काळाचा नाही, आकाराचा. लहान व्हा, इतके की केसाची जाडी डोंगराएवढी वाटावी, आणि त्या काचेच्या पृष्ठभागावर उभे राहा. पायाखाली वाळूची जाळी आहे: सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकमेकांत गुंतलेले. नुसती वाळू वितळवायला १७०० अंशांच्या आसपास आच लागते, तेवढी परवडत नाही, म्हणून कारखानदार तिच्यात सोडा घालतो. सोड्याने वाळू लवकर वितळते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून वर चुना. या तीन जिनसांचं प्रमाण जमलं तर काच पिढ्यान् पिढ्या टिकते. सोडा जास्त पडला किंवा चुना कमी, तर ती जन्मतःच आजारी.

आता पाण्याचा थेंब येतो. जाळीच्या पोकळ्यांत सोडियम बसलेला आहे. पाण्यातला हायड्रोजन आत सरकतो आणि सोडियम बाहेर पडतो, एकास एक. बाहेर आलेला सोडियम पाण्याला खारवतो, म्हणजे मिठाने नव्हे, क्षाराने. उघड्या खिडकीवर पुढची सर येते आणि तो क्षार धुऊन नेते. काचेचं फारसं बिघडत नाही. पण दोन तावदानांच्या मध्ये अडकलेल्या पाण्याला जायला वाट नसते. त्यातला क्षार वाढत जातो, आणि पीएच ९ च्या वर गेला की मग ते पाणी सोडियमवर थांबत नाही. खुद्द वाळूची जाळीच ते कुरतडायला लागतं. मेस्त्रींना यातलं रसायनशास्त्र ठाऊक नाही. त्यांना ओला पेंढा ठाऊक आहे. आजही काचेच्या गोदामात दोन काचांच्या मध्ये कागद किंवा पूड घालतात, ते याही कारणासाठी.

मेस्त्री खाली उतरतात, डागाळलेलं तावदान तिरकं धरून बघतात आणि निकाल देतात, “हे स्वयंपाकघराला लाव. तिथे कोण बघतंय?” मग हिरकणीने कडा कापतात, जवसाच्या तेलात खडूची पूड मळून केलेली लांबी अंगठ्याने दाबून भरतात, आणि तावदान चौकटीत बसतं.

दुपारी तुम्हाला निरोप घेऊन पलीकडे धाडतात. यहुद्यांचं नवं प्रार्थनास्थळ, शाअर हाशमाइम सिनेगॉग, याच साली नाक्यावर उभं राहिलं आहे. बेने इस्रायली लोक तुमच्यासारखंच मराठी बोलतात. आडनावं दिवेकर, पेणकर अशी, कोकणातल्या गावांवरून पडलेली. त्यांच्या वाडवडिलांचा धंदा तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत.

“कुणाचा रे तू?” आतून आवाज येतो.

“मेस्त्रींचा.”

“मग पाय धू आणि ये. टोपी आहे ना डोक्यावर? आणि हंड्यांना हात नको.”

साखळ्यांना टांगलेले काचेचे पेले. म्हातारबुवा एक खाली उतरवून भरत आहेत: तळाला पाणी, त्यावर खोबरेल, त्यावर वात. तेल पाण्यावर तरंगतं, जळत जळत खाली येतं आणि पाण्याला टेकलं की वात आपोआप विझते. काच तापून तडकण्याचं भय नाही. हुशारीची रचना आहे. पण पेल्याच्या पोटात जिथवर रोज पाणी उभं राहतं तिथवर पुढे एक धुरकट पट्टा धरतो. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे विहिरीच्या पाण्यातला चुना. तो सौम्य आम्लाने निघतो. दुसरी म्हणजे खाल्ली गेलेली काच. ती निघत नाही, कारण तिथे काढण्यासारखं काही बसलेलंच नसतं. जे गेलं ते काचेतूनच गेलं. घरातला जुना तांब्याएवढा काचेचा जग कितीही घासला तरी धुरकटच राहतो, तो या दुसऱ्या प्रकारातला.

जरा मागे जाऊन येऊ, फार वेळ नको. १८२५ चा जुलै: बिशप हेबर ठाण्यात आले आहेत आणि सेंट जेम्स हे इंग्रजी चर्च नुकतंच पुरं झालं आहे. आणखी मागे, १७३७: चिमाजी अप्पांच्या फौजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आहे. त्या जमान्यात पश्चिम किनाऱ्यावर खिडकीला काच सहसा नव्हतीच. पोर्तुगीज गोव्यात, आणि सुरुवातीच्या इंग्रजी मुंबईतही, चपट्या शिंपल्यांचे अर्धपारदर्शक चौकोन लाकडी जाळीत बसवत. गोव्यातल्या जुन्या घरांत ते आजही दिसतात. बाहेरचं काही दिसायचं नाही, पण ऊन दुधाळ होऊन आत यायचं. या खाऱ्या दमट हवेत शिंपल्याने बरे दिवस काढले, असं म्हणायला हरकत नाही.

आता १८७९ मध्ये परत या आणि मुंबईची गाडी पकडा. चौतीस किलोमीटर, म्हणजे त्या काळचे एकवीस मैल. १८५३ च्या १६ एप्रिलला हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी याच रुळांवरून ठाण्याला आली होती. बोरीबंदरला उतरा, नव्या भव्य स्टेशनचं काम नुकतंच सुरू झालेलं ओलांडा आणि मैदानाच्या कडेने चालत राहा. राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसे दिले, सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी हिंदुस्थानात पाऊल न ठेवता आराखडा काढला, आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये काम संपलं. उंची २८० फूट. शेजारच्या दीक्षान्त सभागृहात गोल खिडकी आहे, तिच्यात बारा राशी. ग्रंथालयात शिरा. रंगीत काचांतून येणारं ऊन फरशीवर तांबडं-निळं पडलं आहे, तुमच्या मळक्या पैरणीवरही.

जवळ जा. रंग दोन तऱ्हेचे आहेत. एक काचेच्या अंगातला, वितळताना मिसळलेल्या धातूंचा: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, सोन्याचा गुलाबी. तो पावसाने जात नाही. दुसरा वर काढलेला: नाक, डोळे, कपड्याच्या चुण्या, अक्षरं. काचेची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड खलून कुंचल्याने रेखायचं आणि भट्टीत भाजून काचेवर वितळवायचं. नेमक्या याच काळात, १८६० आणि १८७० च्या दशकांत, इंग्लंडच्या काही कारखान्यांनी या रंगात टाकणखार घातला. रंग कमी आचेवर वितळायचा, सरपण वाचायचं. टाकणखार पाण्याला टिकत नाही. वीस-पंचवीस वर्षांत तिकडच्या चर्चमधले संत बिनचेहऱ्याचे झाले, आणि विल्यम मॉरिससारख्या नामांकित माणसाच्या कंपनीला आपल्याच खिडक्या पुन्हा रंगवून द्याव्या लागल्या. तेव्हापासून त्या पिढीतली इंग्रजी चित्रकाच समोर आली की जाणकार आधी चेहरे बघतो.

विलायतेत काचेचं दुखणं फार जुनं आहे. रोमन लोकांनी खनिज सोड्याची काच केली, ती दोन हजार वर्षं जमिनीत राहूनही निघते. फार तर अंगावर इंद्रधनुषी पापुद्रे धरतात आणि लोक तेच सौंदर्य समजतात. मध्ययुगात उत्तर युरोपाने सोड्याऐवजी जंगलातल्या झाडांची राख घातली. राखेत पोटॅश, आणि पोटॅशची काच पाण्यापुढे लवकर हार मानते. तिकडच्या कॅथेड्रलांच्या खिडक्यांना म्हणून खड्डे पडले, वर जिप्समची पुटं चढली. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये स्फटिकासारख्या काचेचा परवाना मिळवला आणि त्याचे पेले बघता बघता बारीक भेगांच्या जाळ्याने आंधळे झाले. पुढे शिसं वाढवून त्याने ती खोड काढली. असल्या आजारी काचा दमट हवेत अक्षरशः घामेजतात, थेंब धरतात; संग्रहालयांत त्यांना ४० टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रतेत ठेवावं लागतं. फार कोरडी हवा झाली तर भेगा पडतात, फार दमट झाली तर रडू येतं. ठाण्याच्या जुलैत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, हे इथे सांगून ठेवतो.

पुढे चला. आता तुम्ही टेंभी नाक्याच्या त्याच माडीवरच्या सूनबाई आहात. १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्यात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, अंताजी दामोदर काळ्यांनी गावोगाव पैसा-पैसा गोळा करून. त्यामुळे घरात स्वदेशी काचेचं कौतुक आहे. दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा पुसायचं काम तुमचं.

“अगं, राख घे चिमूटभर,” सासूबाई म्हणतात. “नुसत्या फडक्याने काजळी निघते होय?”

निघते लख्ख. पण राख म्हणजे पुन्हा क्षार, वर तिचे बारीक खडे. प्रत्येक पुसण्यात डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि पाण्याला आत शिरायला तेवढ्या वाटा मिळतात. कंदिलाच्या काचेचं आयुष्य तसंही दोन पावसाळ्यांचं, तिथे चालून जातं. गंमत अशी की स्वच्छतेची हीच रीत घरातल्या प्रत्येक काचेला लागू होते: देवघरातल्या तसबिरीला, माजघरातल्या आरशाला, आणि स्वयंपाकघरातल्या त्या डागाळलेल्या तावदानालाही.

१९७१, डिसेंबर, तीच माडी. पाकिस्तानशी युद्ध चालू आहे, ब्लॅकआउट आहे. मोटारींचे दिवे वरून निम्मे काळे रंगवले आहेत आणि तुम्ही खुर्चीवर चढून तावदानांना काळा कागद चिकटवत आहात, मैद्याच्या खळीने. युद्ध दोन आठवड्यांत संपतं. दर्शनी खिडक्यांचे कागद निघतात, स्वयंपाकघराचा राहून जातो, आणि पुढचा अख्खा पावसाळा ती ओली खळ काचेला धरून बसते. दिवाळीला तुम्ही तो दाढीच्या पात्याने खरवडता. मागून निघणारी काच मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी आहे. “जुनी झाली,” असं म्हणून तुम्ही मोकळे होता. जुनी झाली हे निदान नव्हे. पाणी अडकवून ठेवलं आणि मग पातं चालवलं, हे खरं निदान. त्याच दशकात, १९७८ मध्ये, शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी नाक्यावर नवरात्रोत्सव सुरू केला. तेव्हापासून वर्षाचे नऊ दिवस इथली लांबी सुकलेली तावदानं ढोलाबरोबर वाजतात. ती तक्रार नव्हे, नोंद आहे.

आता २०१४. पुन्हा राजाबाई टॉवर. पण या वेळी तुम्ही प्रेक्षक नाही, हातमोजे घालून टेबलाशी बसलेले मदतनीस आहात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे पैसे, इंडियन हेरिटेज सोसायटीचा पुढाकार, वास्तुविशारद ब्रिंदा सोमय्या. रंगीत काचांचं काम स्वाती चांदगडकर यांच्याकडे. टेबल काचेचं आहे आणि खालून दिवा लावला आहे. त्यावर खिडकीचा एक पट्टा आडवा पडला आहे.

पहिला धडा: घाई नाही, पाणीही नाही. आधी पट्ट्यावर कागद ठेवून पेन्सिलीने शिशाच्या रेघांचा ठसा घ्यायचा, प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, फोटो काढायचे. मग कुठे कापसाचा बोळा, शुद्ध पाण्यात जेमतेम ओला केलेला. घासायचा नाही. काडीवर गुंडाळून काचेवरून लाटत न्यायचा, एक लाटण झालं की टाकून द्यायचा. बोळा काळा येतो, काचेतून निळा उगवतो आणि तुमचा हात आपसूक जोर धरू लागतो. तिथेच आवरायचं. वर रेखलेली डोळ्याची रेघ पापुद्र्यासारखी उचललेली असेल तर तिच्या आसपासही बोळा न्यायचा नाही. मळ राहिला तर राहू दे. मळ पुढच्या पिढीला काढता येईल, रेघ परत आणता येणार नाही.

मग शिसं. तुकडे ज्या पट्टीत बसवतात तिचा आडवा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. दोन्ही बाजूंना खाच, खाचेत काच. उन्हाने शिसं फुगतं, रात्री आकसतं, आणि साधारण शतकभरात थकून सांध्यांपाशी चिरतं. खिडकीला आधार म्हणून आडव्या घातलेल्या लोखंडी सळ्या गंजून फुगतात आणि शेजारची काच चिरडतात. खरं सांगायचं तर मुंबई-ठाण्यात एकोणिसाव्या शतकातली चांगल्या प्रतीची सोडा-चुन्याची काच स्वतः सहसा मरत नाही. आधी मरतात लांबी, शिसं, लोखंड आणि वरची रेखाटणं. मग कुणीतरी भोकाला पत्रा लावतो, प्लॅस्टिकचा तुकडा बसवतो किंवा तैलरंग फासतो, आणि काच उगाच बदनाम होते.

चिरलेला तुकडा आता फेकत नाहीत. फटीत पारदर्शक एपॉक्सी केशाकर्षणाने आपणहून ओढली जाते. सुटू पाहणाऱ्या रेखाटणाला पॅरालॉइड बी-७२ नावाचं ॲक्रिलिक, कारण ते पुढेमागे ॲसिटोनने काढता येतं. हरवलेल्या जागी नवा तुकडा बसवावाच लागला तर तो रंगाने जुळवायचा, पण कोपऱ्यात बारीक अक्षरांत साल कोरायचं, म्हणजे शंभर वर्षांनी पट्टा उघडणाऱ्याची फसगत होणार नाही. या एका सवयीसाठी मला या लोकांबद्दल फार आदर आहे. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे जुन्याचा मागमूस पुसणं. इथे नव्याने आपलं नवेपण कबूल करायचं असतं.

२०१५ मध्ये ते काम पुरं झालं आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्याची सन्मानाने दखल घेतली. काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ चं, बगदादी यहुद्यांचं. तिथल्या रंगीत काचांवरही चांदगडकरांचाच हात फिरला आणि २०१९ मध्ये त्या वास्तूलाही युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पैसा, तज्ज्ञ आणि लोकांचं लक्ष अशा वास्तूंना मिळतं, मिळायलाच हवं. घरांना मिळत नाही.

आणि आता आजचा टेंभी नाका. ठाण्यात पुनर्विकासाच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. माडी रिकामी झाली की दारं-खिडक्यांचा सौदा आधी होतो: सागवानाला भाव, काच फुकट. भंगारवाला चौकट उचलतो आणि तावदानं जागेवरच फोडतो, कारण वाहून न्यायला अडचण. नव्या फ्लॅटला अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी येते. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही, पावसाचं पाणी ती छान अडवते. पण हाताने फुंकलेली लाटांची काच आता तुमच्या-आमच्यासाठी कुणी करत नाही. या शहराच्या दीडशे वर्षांत काळाने जितकी काच खाल्ली त्याहून जास्त आपण फोडली आणि घासली, असं माझं मत आहे.

तेव्हा घर पाडायला देण्याआधी एवढं करा. रंगीत किंवा लाटांची तावदानं चौकटीसकट उतरवून घ्या. सुटी काढावीच लागली तर आधी जागच्या जागी फोटो काढा आणि चौकटीवर खडूने नंबर टाका. पूर्ण वाळवा, आडवी रचू नका, उभी ठेवा, प्रत्येक दोन तावदानांमध्ये कोरडा कागद घाला आणि पावसाळ्यात तो बदला. पुसायला स्वच्छ पाणी आणि मऊ सुती कापड पुरे. राख, व्हिनेगर, आम्लाच्या बाटल्या आणि पातं लांब ठेवा. काचेवर चित्र असेल, किंवा तसबिरीची काच आतून घामेजलेली दिसत असेल, तर तिला हात न लावता जाणकाराला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतंत्र कला संवर्धन केंद्र आहे, तिथून चौकशीला सुरुवात करता येते.